सांगायचं नाय

संध्याबाईंनी दोन वर्षं घसा कोरडा करून त्या मुलांना बोलायला शिकवलं. मग ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ येऊ लागली आणि बाईंच्या ध्यानात आलं, की आता त्यांना गप्प राहायलाही शिकवायला हवं. पहिलं काम अवघड होतं. दुसरं त्याहून अवघड निघालं, आणि त्यापायी बाईंचीच झोप उडाली.

शहापूरच्या बाहेर, सापगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून मतिमंद मुलांची शाळा होती. पाटीवर तसं लिहिलेलं होतं म्हणून कागदोपत्री बाईही तो शब्द वापरत, पण वर्गात त्याला मज्जाव होता. शाळेच्या मागच्या पडवीत अठरा वर्षांपुढच्यांचा वर्ग भरे. कागदी पिशव्या चिकटवायच्या, पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायच्या, जमेल तेवढं वाचायचं आणि मोजायचं, असा तो वर्ग. बाईंनी त्यात आणखी एक विषय घातला होता. त्याला नाव नव्हतं. बाई त्याला मनातल्या मनात 'नाय म्हणणं' म्हणायच्या.

कारण ही मुलं कशालाही हो म्हणत. आटगावचा धाकलू चांगला मिशा फुटलेला गडी. बाईंनी विचारावं, चहा हवा का, तर तो म्हणे हो. नको का, तरी हो. तुझं नाव धाकलू नाही ना, त्यालाही मान हलवून हो. वर्गाला हसू येई, बाईंना संताप येई. संताप धाकलूचा नव्हे. हो म्हटलं की ताटात वाढतात, हो म्हटलं की कुणी ओरडत नाही, एवढं शहाणपण जगानंच त्याला शिकवलं होतं, आणि ते त्यानं पक्कं धरलं होतं.

म्हणून बाईंनी शनिवारचा नाश्ता मतावर सोडला. पोहे की उसळ. दोन मडकी, दोन चित्रं, प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका. पहिल्या शनिवारी धाकलूनं ज्या मडक्यात टाकला त्यातच सगळ्यांनी टाकला. मग बाईंनी मडकी कपाटामागं नेली आणि एकेकाला एकटं पाठवलं. तर टाकून आलेला प्रत्येक जण बाहेर येऊन ओरडून सांगे, मी पोहे टाकले, मी उसळ. हरलेल्यांनी जिंकलेल्यांना बदडलं. उसळवाल्या एका मुलीनं पोहेवाल्याच्या हाताचा चावा घेतला. लोकशाही म्हणतात ती हीच, असं म्हणून मुख्याध्यापिका हसल्या, पण बाईंना हसू आलं नाही.

ग्रामपंचायतीची निवडणूकही वर्षावर आली होती. तेव्हा कुठं गुप्त हा शब्द वर्गात आला, आणि तो शिकवायला बाईंनी एक खेळ काढला. मत टाकून आलेल्याला समोर उभं करायचं आणि बाईंनी त्याच्या मागं लागायचं. कधी बाई भाऊ व्हायच्या, कधी पोलीस, कधी गावचे पुढारी. लाडीगोडी लावायच्या, बिस्किटाचा पुडा नाचवायच्या, डोळे वटारायच्या. समोरच्यानं एकच म्हणायचं, सांगायचं नाय. तो टिकला की सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवायच्या. या खेळाची मुलांना इतकी गोडी लागली की नाश्त्याचं कुणाला काही राहिलं नाही.

एकटी हौसा मात्र दर खेपेला हरायची. शेणव्याकडच्या एका पाड्यावरची ही बावीस वर्षांची मुलगी, गोल तोंडाची, सावकाश बोलणारी. तिच्या पोटात काही म्हणून राहत नसे. रात्री घरात कोणती भाजी झाली, बाप कुणावर खेकसला, आई कशाला रडली, हे सगळं सकाळी पडवीत चपला काढता काढता ती सांगून मोकळी होई. बिस्किट दाखवायचीही गरज नसे. बाईंनी नुसतं 'काय गो हौसा' म्हटलं की ती म्हणे, उसळ. कितीतरी शनिवार असेच गेले. मग एका शनिवारी बाईंनी पुढारी होऊन तिला खूप छळलं, आणि ती ओठ घट्ट मिटून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर उभी राहिली आणि म्हणाली, "सांगायचं नाय." त्या दिवशी धाकलूनं इतक्या टाळ्या वाजवल्या की त्याचे तळवे लाल झाले.

हौसाचा बाप बाळाराम. भाताची शेती आणि शेणवा ते शहापूर चालणारी जीप. येताना तो हौसाला आणि त्या अंगाच्या आणखी चार मुलांना फुकट शाळेत सोडायचा, चारला परत न्यायचा. ती जीप होती म्हणून ती चार मुलं शाळेत होती. त्यांच्या आईबापांना एसटीनं रोज ने-आण करणं झेपणारं नव्हतं, कामाचा दिवस बुडवायचा कुणी. बाळाराम तसा मनाचा मोठा माणूस. वर्गातल्या मोठ्या मुलांची नावं मतदारयादीत घालायला हवीत, असं बाईंनी पालकांना सांगितलं तेव्हा बाकीचे गप्प बसले होते. एकानं तर विचारलं, यांना कशाला मत. बाळाराम मात्र दुसऱ्याच दिवशी हौसाला घेऊन तलाठ्याकडे गेला. घरातलं एक मत वाढलं, असं त्यानं परत येऊन खुशीत सांगितलं. बाईंना ते खटकलं, पण नाव लागलं याचाच आनंद मोठा होता, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत.

त्या वर्षी बाळारामचा प्रभाग बायकांसाठी राखीव झाला. त्यानं आपल्या बायकोला, येसूबाईला उभं केलं. निशाणी कपबशी. तिच्यासमोर बौद्धवस्तीतल्या कमळाबाई उभ्या राहिल्या, निशाणी शिलाई मशीन. आता संध्याबाईही त्याच समाजाच्या, आणि कमळाबाई तर मुरबाडकडच्या, बाईंच्या मामाच्या गावातून दिलेल्या. हे कळलं त्या दिवसापासून बाईंनी वर्गात कपबशी हा शब्द उच्चारला नाही, शिलाई मशीन हाही नाही. शाळेला चहा लागतो तर त्या 'चहाची भांडी' म्हणायला लागल्या. सराव गुलाबाच्या फुलावर आणि सूर्यावर केला. शिक्का कसा धरायचा, कागदाची घडी कशी घालायची, शाई बोटाला लावतात ती पुसायची नाही, हे सगळं त्यांनी घोटून घेतलं. कुणाला द्यायचं, यावर मात्र एकच वाक्य. ज्याला आपल्याला द्यावंसं वाटेल त्याला.

मतदान रविवारी होतं. बाईंना त्या पाड्यावर जायचं काहीच कारण नव्हतं आणि गेल्या असत्या तर लोकांच्या तोंडाला विषय मिळाला असता. त्या सापगावला घरीच राहिल्या. घासलेली भांडी पुन्हा घासली. धान्य निवडायला घेतलं आणि तसंच टाकलं. ओट्यावर आल्या, आत गेल्या. त्यांचा नवरा महेंद्र म्हणाला, उभी तू राहिलीयस का तुझी पोरगी. बाई पुन्हा ओट्यावर गेल्या. हौसा शिक्का उलटा मारील, घाबरून पळून येईल, बापाचा हात धरून आत जाईल, असं एकेक त्यांच्या डोळ्यांपुढं येत होतं.

झालं काय ते बाईंना दुसऱ्या दिवशी शेणव्याकडच्या एका पालकाकडून कळलं. केंद्रावरचे अधिकारी भले होते. मुलीला बघून त्यांनीच सुचवलं, वडिलांना बरोबर घेतलं तरी चालेल. हौसा म्हणाली, नाय, मी एकटी. आत तिला खूप वेळ लागला. रांगेतली माणसं कुरकुरली. शेवटी ती बाहेर आली ती शाईचं बोट वर धरून, आणि पिंपळाखाली उभ्या असलेल्या चारचौघांत बाळारामनं तिला हसत हसत विचारलं, कपबशीवर मारलास ना गो? हौसानं बापाकडे बघितलं, ओठ मिटले आणि म्हणाली, सांगायचं नाय. पिंपळाखालची माणसं हसली. बाळारामही हसला. घरी गेल्यावर त्यानं पुन्हा विचारलं. जेवताना विचारलं. येसूबाईनं तिला जवळ घेऊन विचारलं, मला दिलंस ना बाय? हौसा ताटावरून उठली, पण बोलली नाही. तोवर बाळारामचं हसू मावळलं होतं.

सोमवारी शहापूरला मोजणी झाली. येसूबाई पडली, आणि तेही थोडक्यात. महेंद्रनं संध्याकाळी कामावरून येताना स्टेशनावरच बातमी ऐकली आणि घरात पाऊल टाकताच सांगितली. बौद्धवस्तीला पहिल्यांदाच मान मिळाला म्हणून तो खुशीत होता. बूट काढता काढता म्हणाला, तुझ्या हौसानंच पाडली बहुतेक. तो थट्टेनं म्हणाला होता. बाईंना भीती वाटली, आणि त्या भीतीच्या आत कुठंतरी आनंदही होता. तो आनंद त्यांना स्वतःला आवडला नाही. खरंच हौसानं कमळाबाईंना दिलं असेल का, हा प्रश्न त्यानंतर त्यांच्या डोक्यातून हलेना.

मंगळवारी जीप आली नाही. शेणव्याकडची पाचही मुलं गैरहजर. बुधवारीही तेच. धाकलू दर थोड्या वेळानं पडवीच्या दारात जाऊन रस्त्याकडे बघे आणि हौसाच्या रिकाम्या पाटाकडे बोट दाखवी. बुधवारी दुपारी त्या चारांपैकी एकाची आई एसटीनं मुलाला घेऊन आली आणि म्हणाली, आज आणलाय बाई, रोज नाय जमायचं. संस्थेच्या चिटणीसांनी बाईंना बोलावून घेतलं. बाळारामनं त्यांच्या कानावर सगळं घातलं होतं. चिटणीस चढ्या आवाजात बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, तुम्ही शिकवलंत, तुम्हीच निस्तरा.

बाईंना दोन घास गेले नाहीत. आपण मुलीला कुणाच्या बाजूला ओढलेलं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ते दाखवायचं कसं? चार मुलांची शाळा बुडतेय, हौसा तर घरात कोंडली जाईल आणि पुन्हा सगळ्याला हो म्हणायला लागेल. आणि हे सगळं कशासाठी, तर एका कागदावरच्या एका शिक्क्यासाठी. रात्रभर त्यांनी स्वतःशीच वाद घातला आणि सकाळी तशाच तारवटलेल्या डोळ्यांनी वर्गावर आल्या.

गुरुवारी बाळाराम आला. बरोबर हौसा होती. तिचा डबा, तिचा कामाचा एप्रन आणि पडवीतल्या जादा चपला न्यायला तो आला होता. हौसाचे डोळे सुजलेले होते, पण बापानं आणलं म्हणून ती आली होती. सवयीनं ती आपल्या पाटावर जाऊन बसली. दारालगतचं तिचं सामान उचलून बाळाराम दारातच उभा राहिला.

"बाई, मी तुमाला कदी वाकडा शब्द बोललो नाय," तो म्हणाला. "पन तुमी माज्या पोरीला बोलाया शिकवलात, आनि ती माज्याशीच बोलत नाय. माज्या घरचं मत कुठं गेलं ते अख्खा गाव मला विचारतो. तुमचे लोक निवडून आले. आता मी काय समजायचं?"

बाईंनी सांगितलं की वर्गात एकाही उमेदवाराचं नाव निघालेलं नाही. बाळारामनं मान हलवली. त्याचा विश्वास नव्हता, आणि त्याच्या जागी बाई असत्या तर त्यांचाही बसला नसता. तो म्हणाला की त्याला आता मताचं काही नाही. गेलं ते गेलं. पण पोर बापापासून लपवते आणि बाईंचं ऐकते, हे त्याला सोसत नाही. तिनं बाईंच्या समोर एकदाच सांगावं, कपबशी म्हणावं नाहीतर मशीन म्हणावं. सांगितलं की उद्यापासून जीप चालू, पोर शाळेत.

एवढंच मागणं होतं. बाईंनी हौसाकडे बघितलं. मग रिकाम्या चार पाटांकडे बघितलं. आणि त्या हौसाच्या पुढ्यात जाऊन उकिडव्या बसल्या.

"हौसा, सांगून टाक गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कपबशी ना?"

शब्द तोंडातून गेला आणि बाईंना कळलं, आपण काय केलं ते. दोन वर्षांपूर्वी धाकलूला जसं जग विचारत होतं तसंच त्यांनी विचारलं होतं. उत्तर आधीच पुढ्यात ठेवून. हौसानं फक्त मान हलवायची होती. ती हो म्हणेल, बाळाराम खूश होईल, जीप येईल आणि खरं काय ते कुणाला कळणार नाही. आणि बाईंना त्या क्षणी तेच हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं.

हौसा त्यांच्याकडे बघत राहिली. ओठ हलले, मिटले. मग ती म्हणाली, "सांगायचं नाय."

धाकलूनं टाळ्या वाजवल्या. त्याच्या पाठोपाठ सगळ्या वर्गानं वाजवल्या. त्यांना वाटलं शनिवारचा खेळ चाललाय, आणि हौसा टिकली. बाळाराम गोंधळून सगळ्यांकडे बघायला लागला. बाईंना हात वर करून टाळ्या थांबवायचंही सुचेना.

हौसा मात्र हसत नव्हती. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली.

"बाई, ह्यो खेळ हाय?" तिनं विचारलं.

बाईंना खोटं बोलता आलं असतं. "नाही," त्या म्हणाल्या. "खरं आहे. बाबांना खरंच सांगायचंय."

"मंग तर नायच," हौसा म्हणाली.

बाळाराम दाराच्या चौकटीला हात लावून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला नव्हता, पण त्याला आता जागा सापडत नव्हती. बाईंवर धरावा, तर बाईंनाही पोरीनं धुडकावलं होतं, ते त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

"तुमचंबी नाय आयकत ही," तो शेवटी म्हणाला.

"नाही ऐकत," बाई म्हणाल्या.

तो मुलीकडे बघत राहिला. एवढ्या वर्षांत या पोरीनं त्याला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. तिनं काय खायचं, काय नेसायचं, कुणाकडे जायचं, हे सगळं घरानं ठरवलं आणि ती हसत हसत करत आली. तिच्या पोटात काही राहत नाही म्हणून घरातलं मोठं माणूस तिच्यासमोर बोलायला कचरायचं. आता तिच्या पोटात अशी एक गोष्ट होती जी बापालाही मिळणार नव्हती. तो चौकटीवरून आत आला आणि तिच्या पाटाजवळ उभा राहिला.

"घरी येतेस का गो?" त्यानं विचारलं.

तो हुकूम नव्हता. त्यालाही ठाऊक नव्हतं ती काय म्हणेल. हौसानं विचार केला. तिला विचार करायला वेळ लागतो, आणि तो उभा राहिला.

"चार वाजता येईन," ती म्हणाली. "बाकीच्यांनाबी आना उद्या."

बाळारामनं एप्रन आणि चपला उचललेल्या होत्या, त्या खाली ठेवल्या. डबा तिच्या पाटाशेजारी ठेवला. बाईंकडे न बघता तो निघून गेला. रस्त्यावर जीप चालू झाल्याचा आवाज आला आणि मग शेणव्याच्या दिशेनं दूर गेला. जीप उद्या येईल की नाही, हे त्यानं सांगितलं नव्हतं, आणि विचारायला बाईंना तोंड नव्हतं.

वर्ग पुन्हा पिशव्यांकडे वळला. बाई भिंतीला टेकून बसल्या. हायसं वाटायला हवं होतं, ते वाटत नव्हतं. मुलीनं त्यांची लाज राखली होती, पण ती त्यांनी स्वतःच आधी विकायला काढली होती. आणि मनाचा एक कोपरा अजूनही कुरकुरत होता की दिलं तरी कुणाला होतं. आपल्या कमळाबाईंना दिलं असेल तर निदान आपल्याला तरी सांगावं. त्या कोपऱ्याचा बाईंना इतका राग आला की त्यांनी हातातला खळीचा ब्रश वाटीत आपटला.

थोड्या वेळानं हौसा आपला पाट सरकवत त्यांच्या शेजारी आली. दोन पिशव्या तिनं चिकटवल्या. मग म्हणाली, "बाई, तुमी मला असं का विचारलंत?"

बाईंनी खूप उत्तरं शोधली. जीप, ती चार मुलं, चिटणीस. सगळी खरी होती आणि एकही पुरी नव्हती.

"घाबरले होते गं," त्या म्हणाल्या.

हौसानं पिशवीची कड अंगठ्यानं दाबून धरली, वाळेपर्यंत दाबायची असते तशी.

"मीबी घाबरले," ती म्हणाली. "तरी नाय सांगितलं."